गेममधल्या वस्तू विकून आपत्तीग्रस्तांना मदत : पैसा निघतो कुठून, पोहोचतो कुठे?

२०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी चक्रीवादळाने अमेरिकेचा पूर्व किनारा झोडपून काढला. त्याच वर्षअखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये मांजराचे एक पिल्लू विक्रीला आले. नाव सिंडर किटन, किंमत १० डॉलर. हे पिल्लू हातात घेता येत नाही, दूध पीत नाही. स्क्रीनवर खेळाडूच्या पात्रामागे फिरते, एवढेच. तरीही त्याच्या विक्रीतून अमेरिकन रेड क्रॉसला २३ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

गेममधली वस्तू विकून भूकंपग्रस्त, पूरग्रस्तांसाठी पैसा उभा करण्याची ही पद्धत आता चांगली पंधरा वर्षे जुनी झाली. आपल्याकडे पोरांच्या हातात मोबाइल गेम आले, त्यात यूपीआयने टॉप-अप मारणे रोजचे झाले. त्यामुळे ‘ही स्किन घ्या, पैसे पूरग्रस्तांना जातील’ असे कोणी सांगितले तर त्याचा नेमका अर्थ काय, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत असलेले बरे. सगळी गोम त्या जाहिरातीतल्या एका वाक्यात असते. किती टक्के, कशाचे टक्के आणि कधीपर्यंत, हे ज्या वाक्यात लिहिलेले असते ते वाक्य.

वस्तू म्हणजे नेमके काय?

गेममध्ये पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या वस्तू साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार सजावटीचा. पात्राचे कपडे, बंदुकीचा रंग, सोबत फिरणारा प्राणी. कपडे-रंगाला पोरे ‘स्किन’ म्हणतात. दुसरा प्रकार गेममधल्या चलनाचा. बीजीएमआयमध्ये यूसी, फोर्टनाइटमध्ये व्ही-बक्स. खरे पैसे देऊन हे चलन घ्यायचे आणि त्यातून हव्या त्या वस्तू घ्यायच्या. तिसरा प्रकार खेळण्याच्या मुदतीचा, म्हणजे महिन्याची वर्गणी किंवा तिच्याऐवजी चालणारे कूपन.

दुकानदाराच्या नजरेने पाहिले तर या मालाची एक गंमत आहे. पहिली स्किन बनवायला चित्रकार, प्रोग्रॅमर यांचा पगार लागतो. दुसरी, दहा हजारावी, दहा लाखावी स्किन बनवायला जवळपास काहीच लागत नाही. गोदाम नाही, ट्रक नाही, माल पडून राहण्याची भीती नाही. म्हणून ‘या वस्तूचे सगळे पैसे मदतीला’ अशी घोषणा गेम कंपनीला परवडते. किराणा दुकानदाराने शंभर रुपयांच्या साखरेचे शंभर रुपये मदतीला दिले, तर साखरेची खरेदी त्याच्या अंगावर पडते. गेम कंपनीचे तसे होत नाही.

म्हणून ही मदत खोटी ठरत नाही. खेळाडूच्या खिशातून गेलेले दहा डॉलर खरेच असतात आणि रेड क्रॉसला मिळालेले दहा डॉलरही खरेच. फक्त मधल्या वाटेत कोण किती ठेवून घेतो, एवढे पाहायचे.

रताळ्याचे बी आणि हैती

या पद्धतीचे सर्वात गाजलेले सुरुवातीचे उदाहरण म्हणजे फेसबुकवरचा ‘फार्मव्हिल’. झिंगा कंपनीचा हा शेतीचा गेम २००९ साली आला आणि कोट्यवधी लोक स्क्रीनवर नांगरणी-पेरणी करू लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीने रताळ्याचे खास बी विक्रीला ठेवले. त्यातले निम्मे पैसे हैती या गरीब देशातल्या दोन संस्थांना जाणार, असे तेव्हाच सांगितले होते.

पुढे १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली. झिंगाने लगेच दुसरी मोहीम उघडली. फार्मव्हिलमध्ये पांढरा मका, ‘माफिया वॉर्स’मध्ये हैतीचा ढोल अशा वस्तू ठेवल्या आणि या वेळी सगळे पैसे मदतीला देण्याचे जाहीर केले. पाच दिवसांत ४७ देशांतल्या तीन लाखांहून अधिक खेळाडूंनी मिळून १५ लाख डॉलर जमवले. ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला गेले. हिशेब केला तर माणशी पाच डॉलरही पडत नाहीत. लाखो लोकांनी दिलेल्या या चिल्लरमध्येच या पद्धतीची ताकद आहे.

काही आठवड्यांतच ब्राझीलमधल्या एका मासिकाने आणि नंतर तिथल्या मोठ्या वृत्तपत्राने आरोप केला, की झिंगाने हैतीच्या नावावर जमवलेले निम्मे पैसे स्वतःकडे ठेवले. बातमी पसरली, खेळाडू चिडले. प्रत्यक्षात निम्म्याची अट पहिल्या, भूकंपाआधीच्या मोहिमेची होती. भूकंपानंतरची मोहीम शंभर टक्क्यांची होती. देश एक, गेम एक, कंपनी एक, पण दोन मोहिमांच्या दोन अटी. त्या एकमेकींत मिसळल्या आणि घोळ झाला.

मांजर, बकरी आणि मुदत

वॉरक्राफ्टच्या ब्लिझार्ड कंपनीने हीच पद्धत वर्षानुवर्षे चालवली. २००९ साली पांडारेन मंक नावाचा प्राणी आला. त्याच्या दहा डॉलरांपैकी निम्मे आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश संस्थेला होते, तेही ३१ डिसेंबरपर्यंतच. त्यातून ११ लाख डॉलर जमले. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर सेनारियन हॅचलिंग हे पिल्लू आले. या वेळी ३१ जुलैपर्यंतची पूर्ण रक्कम अमेरिकन रेड क्रॉसमार्फत जपानच्या मदतीला होती. मग सँडीसाठी सिंडर किटन आले. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीवेळी आर्गी नावाची बकरी आली आणि तिच्यातून रेड क्रॉसला १९ लाख डॉलरहून अधिक मिळाले.

यातली ‘मुदत’ ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुदत संपल्यावरही वस्तू दुकानात राहते, पण तिचे पैसे मदतीला जात नाहीत, तर कंपनीच्या नेहमीच्या विक्रीत जमा होतात. जुनी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरत राहते आणि ती पाहून वर्षभराने कोणी पिल्लू घेतले, तर त्याने पिल्लू घेतले, दान केले नाही.

मुदतीची दुसरी बाजूही आहे. चार-चार महिने चालणाऱ्या मोहिमेचा पैसा पहिल्या आठवड्यातल्या पाणी, तंबू, औषधाला उपयोगी पडत नाही. तो नंतरच्या घरबांधणीला, पुनर्वसनाला पडतो. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘आत्ता घ्या, आत्ता मदत पोहोचेल’ असे कोणी म्हणत असेल तर पैसे कधी हस्तांतरित होणार ते विचारावे.

लढाईच्या गेममध्येही हे झाले. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांवेळी ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ‘आउटबॅक रिलीफ पॅक’ विकला गेला. महिनाअखेरपर्यंतचे सगळे पैसे डायरेक्ट रिलीफ या संस्थेला जाणार होते. १६ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

खिशात दमडी नसलेल्याचे दान

आतापर्यंतच्या उदाहरणांत कंपनी विकते आणि खेळाडू घेतो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेममध्ये उलटे आहे. तिथे खेळाडू आपल्याकडची वस्तू कंपनीला देतो आणि कंपनी तिचे रोख पैसे करून रेड क्रॉसला देते. मोहिमेचे नाव ‘प्लेक्स फॉर गुड’.

प्लेक्स म्हणजे खेळण्याच्या मुदतीचे कूपन. तेव्हा एका प्लेक्सवर तीस दिवस खेळता येई. ज्याच्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही, तो डॉलर मोजून प्लेक्स घेतो आणि गेमच्या बाजारात गेममधल्या चलनाला विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसे नाहीत, तो गेममध्ये खाणकाम, व्यापार करून ते चलन कमावतो आणि प्लेक्स घेतो. हाच प्लेक्स त्याने मदतीला दिला, तर खिशातून एक पैसा न काढता त्याने आपली महिन्याची मेहनत दान केली असे होते.

मग खरा पैसा आला कुठून? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे चटकन कळेल. प्लेक्स विकला गेला तेव्हाच कंपनीला डॉलर मिळाले. पण सेवा द्यायची बाकी, म्हणजे ती रक्कम वहीत ॲडव्हान्स म्हणून, देणे म्हणून उभी राहते. खेळाडूने प्लेक्स दान केला की कंपनी तेवढ्या दिवसांची सेवा देण्याऐवजी तेवढे पैसे रेड क्रॉसला देते. एका माणसाने आधीच भरलेले पैसे दुसऱ्याच्या मेहनतीने मोकळे होतात.

नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये सहा हजारांवर बळी घेतले. त्या वेळी या मोहिमेतून १,९०,८९० डॉलर जमले. एका प्लेक्सचे १५ डॉलर धरले तर हे १२,७२६ प्लेक्स होतात. एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपासाठी १,०३,६५० डॉलर जमले. आकडे ब्लिझार्डच्या तुलनेत लहान आहेत, कारण खेळाडूही कमी आहेत.

या गेममध्ये एकमेकांना फसवणे हा खेळाचाच भाग मानला जातो आणि नियमांना ते चालते. पण मदतीच्या नावाखाली फसवणूक केल्यास खपवून घेणार नाही, अशी ताकीद सीसीपीने देऊन ठेवली. प्लेक्स कोणत्या अधिकृत खात्याकडे द्यायचा हेही सांगितले. फसवणुकीला मोकळीक असलेल्या जागीही मदतीपुरती वेगळी रेघ ओढावी लागली, यातच बरेच काही आले.

दोन आठवड्यांत १४ कोटी ४० लाख डॉलर

या प्रकारातली सर्वात मोठ्या रकमांपैकी एक नैसर्गिक आपत्तीसाठी नव्हे, तर युद्धग्रस्तांसाठी जमली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने २० मार्च ते ३ एप्रिल २०२२ या काळातले गेममधले आपले सर्व उत्पन्न मदतीला देण्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्सवरच्या फोर्टनाइट विक्रीतली आपली निव्वळ रक्कम त्यात घातली. १४ कोटी ४० लाख डॉलर जमले. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, डायरेक्ट रिलीफ आणि वर्ल्ड सेंट्रल किचन यांना ते वाटले गेले.

या मोहिमेच्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या. पहिली, काय मोजले जाईल हे कंपनीने स्पष्ट लिहिले होते. त्या पंधरवड्यात खऱ्या पैशांनी केलेली खरेदी मोजली जाणार. आधीच खात्यात पडून असलेले व्ही-बक्स खर्च केले तर ते मोजले जाणार नाही, कारण त्यांचे पैसे आधीच येऊन गेले. म्हणजे एखाद्या पोराने साठवलेल्या व्ही-बक्समधून स्किन घेतली आणि ‘मी मदत केली’ म्हणाला, तर त्यात मदत शून्य.

दुसरी, ॲप स्टोअर, पेमेंट कंपन्या यांच्याकडून पैसे हातात यायला आठवडे लागतात. एपिकने त्यांची वाट न पाहता व्यवहाराची नोंद झाली की काही दिवसांत रक्कम पुढे पाठवण्याचे ठरवले. आपत्तीत लवकर मिळालेला रुपया उशिरा मिळालेल्या दोन रुपयांहून कामाचा असतो.

हजार रुपयांचा हिशेब

‘पूर्ण रक्कम’, ‘आमच्या वाट्याची रक्कम’, ‘निव्वळ रक्कम’ आणि ‘नफ्यातला भाग’ हे चार शब्दप्रयोग वाचायला सारखे वाटतात, पण हिशेबात त्यांच्यात मोठा फरक पडतो. समजण्यापुरते एक गणित पाहू. मोबाइलवर १,००० रुपयांची वस्तू घेतली. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे कराचे सुमारे १५३ रुपये सरकारकडे गेले आणि ८४७ उरले. ॲप स्टोअरने ३० टक्के कमिशन कापले तर २५४ रुपये तिकडे गेले. गेम कंपनीच्या हातात ५९३ रुपये आले.

आता कंपनी ‘आमच्या वाट्याची पूर्ण रक्कम’ म्हणाली तर ५९३ रुपये मदतीला. ‘निम्मी’ म्हणाली तर २९६. ‘नफ्यातला भाग’ म्हणाली तर खर्च वजा करून काय उरेल ते कंपनीच ठरवणार. स्टोअरनेही कमिशन सोडले तर मात्र ८४७ पर्यंत जाऊ शकतात. यातला कोणताच आकडा लबाडीचा नाही. जाहिरातीत जे लिहिले तेवढेच द्यायचे आहे. पण हजार रुपये देणाऱ्याच्या मनात हजार रुपयांचे दान असते. सरळ मदत निधीत भरले असते, तर ते पूर्ण तिथेच गेले असते.

मग लोकांनी सरळच का देऊ नये? द्यावेच. पण अनुभव असा, की जो पोरगा निधीच्या खात्यात कधीच पैसे भरणार नव्हता, तो वस्तू मिळते म्हणून पाच डॉलर देतो. हैतीच्या वेळचे तीन लाख खेळाडू बहुधा असेच. हा पैसा दुसऱ्या दानातून वळवलेला नसेल, तर तो वरकमाईच समजायचा.

आपल्याकडे काय लागू पडते?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, मलप्रभा, घटप्रभा एकाच वेळी फुगल्या. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्हे एकाच पाण्याखाली होते. मदत मात्र दोन राज्यांची, दोन निधींची, दोन कार्यालयांची. सीमाभागातल्या माणसाला पैसा ‘कुठल्या खात्यात’ गेला हा प्रश्न का महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको. गेमच्या मोहिमेतही हाच प्रश्न आहे.

एक, करसवलत. वस्तू घेणे ही खरेदी आहे, देणगी नव्हे. संस्थेला पैसे कंपनी देते, पावतीही कंपनीच्या नावे निघते. त्यामुळे खेळाडूला ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मागता येत नाही. थेट देणगीवर ती जुन्या कररचनेतच मिळते. दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही.

दोन, परदेशी पैसा. परदेशी कंपनीने इथल्या पुरासाठी मोहीम काढली, तरी ती रक्कम भारतातल्या कुठल्याही मंडळाला पाठवता येत नाही. परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीपासून अशी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. गावातल्या तरुण मंडळापर्यंत अशी रक्कम पोहोचायची वाट त्यामुळे बंदच आहे.

तीन, मालकी. पैसे देऊन घेतलेली वस्तू खेळाडूच्या मालकीची होत नाही. कंपनी फक्त वापराचा परवाना देते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली तेव्हा हे अनेकांना कळले. म्हणूनच ‘माझी आयडी विकतो, पैसे पूरग्रस्तांना देतो’ हा मार्ग धोक्याचा आहे. बहुतेक गेमच्या नियमांत आयडी विकायला मनाई असते. विकणाऱ्याने पासवर्ड परत फिरवला, तर घेणाऱ्याला दाद मागणे अवघड जाते आणि पूरग्रस्तांना काही मिळतही नाही.

चार, जुगाराशी गल्लत. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. सजावटीची वस्तू विकत घेणे हा वेगळा प्रकार आहे. पण ‘कूपन घ्या, लकी ड्रॉमध्ये रोख बक्षीस, उरलेले पूरग्रस्तांना’ असे कोणी काढले, तर मदतीचे नाव लावल्याने ते कायदेशीर ठरत नाही.

घेण्याआधी पाहायच्या गोष्टी

– घोषणा गेमच्या आत किंवा कंपनीच्या अधिकृत पानावर आहे का? फक्त फॉरवर्ड आलेला मेसेज असेल तर थांबा.
– मदत घेणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव दिले आहे का? ‘पूरग्रस्तांना’ एवढेच लिहिले असेल तर ते पुरेसे नाही. त्या संस्थेच्या पानावरही मोहिमेचा उल्लेख हवा.
– किती टक्के आणि कशाचे टक्के?
– मुदत कधी संपते? देणगीला वरची मर्यादा ठेवली आहे का? मर्यादा भरल्यावरची विक्री कंपनीची.
– खात्यात आधीच असलेले चलन वापरले तर ते मोजले जाते का?
– मोहीम संपल्यावर किती जमले, किती दिले, हे कंपनी जाहीर करणार आहे का?
– पैसे कोणाच्या खात्यातून जातात? पोराने वडिलांच्या यूपीआयवरून घेतले असेल तर आधी घरात विचारलेले बरे.

या सात प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि वस्तू आवडलीही असेल, तर खुशाल घ्यावी. वस्तू नकोच असेल आणि मदतच करायची असेल, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेचे खाते जवळचे. तिथे मांजराचे पिल्लू मिळणार नाही, पण पावती आपल्या नावाची मिळेल.